लिनक्स प्रणालीतील टचपॅडची जुळवणी : पर्यायांची विपुलता आणि वापरकर्त्याचे स्वातंत्र्य – एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

महाविद्यालयीन क्षेत्रात मुक्त संगणकप्रणालीचा पुरस्कार प्रामुख्याने दोन कारणांसाठी केला जातो. पहिले कारण आर्थिक आहे. परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही. दुसरे कारण तात्त्विक आहे. ही प्रणाली वापरणाऱ्याला ती तपासण्याचे व बदलण्याचे स्वातंत्र्य मिळते. पहिल्या कारणाविषयी मतभेद संभवत नाही. दुसऱ्या कारणाची मात्र प्रत्यक्ष व्यवहाराच्या पातळीवर चिकित्सा होणे आवश्यक आहे. स्वातंत्र्य परवान्याच्या मजकुरात असणे आणि ते वापरणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

'बोटांपर्यंत' हा शब्द येथे शब्दशः अभिप्रेत आहे. प्रस्तुत लेखात लॅपटॉपवरील टचपॅड या लहानशा साधनाची लिनक्स प्रणालीत होणारी जुळवणी हा विषय विवेचनासाठी घेतला आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि टिचकी लागत नाही, टंकलेखन करताना कर्सर भलत्याच ओळीत उडी घेतो, पान सरकत नाही, अशा अडचणींमुळे संपूर्ण प्रणालीविषयीच मत प्रतिकूल होते. नव्या वापरकर्त्याचा प्रणालीशी येणारा पहिला संबंध या पृष्ठभागावरच येतो. म्हणून प्रणालीच्या रचनेमागील विचार तपासण्यासाठी हे उदाहरण योग्य ठरते.

या विवेचनासाठी 'सिनॅप्टिक्स' आणि 'लिबइनपुट' या दोन ड्रायव्हरांची तुलना केली आहे. दोन्ही मुक्त आहेत आणि दोहोंचे काम एकच आहे. परंतु वापरकर्त्याला काय ठरवू द्यावे, याविषयी दोहोंची भूमिका परस्परविरोधी आहे.

टचपॅडचे कार्य आणि जुळवणीची आवश्यकता :

माऊस हे तुलनेने सरळ साधन आहे. तो किती सरकला आणि कोणते बटण दाबले गेले, एवढेच तो संगणकाला कळवतो. टचपॅडचे तसे नाही. पृष्ठभागाखालील तारांच्या जाळीत बोटामुळे जो विद्युत फरक पडतो, तो मोजून बोटाचे स्थान आणि स्पर्शाचे प्रमाण कळवले जाते. या नोंदीचा अर्थ लावण्याचे काम ड्रायव्हरला करावे लागते. स्पर्श हेतुपुरस्सर आहे की टंकलेखन करताना टेकलेला तळहात आहे? बोट क्षणभर टेकून उचलले गेले, ती टिचकी समजावी काय? दोन बोटे एकाच वेळी सरकली, तर पान सरकवायचे आहे की मोठे करायचे आहे? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अनुमानानेच द्यावे लागते. टचपॅडची जुळवणी म्हणजे वस्तुतः या अनुमानाचे नियम ठरवणे होय.

लॅपटॉपवर टचपॅड रूढ होण्यास १९९० च्या दशकात आरंभ झाला. ॲपल कंपनीने १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० या मालिकेत त्याचा वापर केला. फेदेरिको फाजिन व कार्व्हर मीड यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली सिनॅप्टिक्स ही कंपनी या क्षेत्रात अग्रेसर ठरली आणि लिनक्समधील ड्रायव्हरलाही तिचेच नाव मिळाले. आल्प्स आणि एलान या कंपन्यांचे टचपॅडही मोठ्या प्रमाणात वापरात आले. जुन्या पीएस/२ जोडणीवरील टचपॅड आरंभी स्वतःला साधा माऊस म्हणूनच सादर करीत असे. त्याच्याकडून बोटाच्या स्थानाची सविस्तर नोंद मिळवण्यासाठी त्याला विशिष्ट आज्ञांची मालिका पाठवावी लागे, आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी असे. कर्नलने ही ओळख पटवली नाही, तर टचपॅड माऊससारखाच चाले. टिचकी, तळहात, दोन बोटे यांविषयीचे कोणतेही पर्याय मग लागू पडत नसत. २०१३ पासून विंडोज ८.१ बरोबर 'प्रिसिजन टचपॅड' हे समान मानक आले. त्याचा लाभ लिनक्सलाही झाला, कारण त्या मानकानुसार बनलेल्या टचपॅडची ओळख कर्नलला एकाच सामान्य पद्धतीने पटू लागली.

सिनॅप्टिक्स ड्रायव्हर : विपुलतेची भूमिका :

एक्स सर्व्हरसाठीचा सिनॅप्टिक्स ड्रायव्हर २००० च्या दशकात लिनक्सच्या बहुतेक वितरणांत वापरला जात होता. त्याच्या माहितीपुस्तिकेचे वाचन उद्बोधक आहे. बोट टेकल्याचे कोणत्या दाबापासून समजावे, ते उचलल्याचे कोणत्या दाबाखाली समजावे, टिचकी किती काळात पूर्ण व्हावी, त्या काळात बोट किती हलले तर चालेल, तळहाताची रुंदी किती मानावी, कडेच्या पट्टीवर बोट फिरवल्यास पान सरकावे काय, अशा अनेक बाबींसाठी स्वतंत्र पर्याय तेथे दिलेले आहेत. लेखकाने स्वतःच्या अनुमानातील जवळजवळ प्रत्येक अंक वाचकाच्या स्वाधीन केला आहे. या औदार्याचे मोल नाकारता येणार नाही. ज्यांनी पुस्तिका वाचली आणि धीर धरला, त्यांना टचपॅड आपल्या हाताला हवा तसा करून घेता आला.

तथापि या विपुलतेच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा स्थानाची आहे. हे अंक कोठे लिहावयाचे, हेच वारंवार बदलत गेले. आरंभी एक्स सर्व्हरच्या एकमेव जुळवणी-फाईलमध्ये ते लिहिले जात. २००७ मधील एक्स सर्व्हर १.४ या आवृत्तीत साधने आपोआप ओळखण्याची सोय 'हॅल' या व्यवस्थेमार्फत आली आणि तेच पर्याय वेगळ्या वाक्यरचनेत, वेगळ्या फाईलमध्ये लिहिण्याची वेळ आली. २०१० मधील १.८ या आवृत्तीने हॅलचा आधार सोडला, जुळवणीच्या लहान लहान फाईलींसाठी स्वतंत्र संचिका दिली आणि साधनांचा वर्ग सांगणारी नवी रचना आणली. थोडक्यात, तीन-चार वर्षांच्या अवधीत एकाच ज्ञानाचे तीनदा लिप्यंतर करावे लागले.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. प्रणाली चालू असताना अंक बदलून पाहण्यासाठी 'सिनक्लायंट' ही आज्ञा होती. तिच्यासाठी पूर्वी स्मृतीचा एक सामायिक भाग खुला करावा लागे. अनेक जण वापरतात अशा संगणकावर तो सुरक्षित नाही, असा इशारा पुस्तिकेतच दिलेला होता. पुढे ही पद्धत बदलली. पण प्रयोगशाळेतील सामायिक संगणकाच्या दृष्टीने हा दोष क्षुल्लक नव्हता.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. अंतर आणि दाब यांचे बरेचसे अंक टचपॅडच्या स्वतःच्या एककात होते, मिलिमीटरसारख्या सर्वमान्य मापात नव्हते. त्यामुळे एका लॅपटॉपवर उत्तम ठरलेला अंक दुसऱ्या लॅपटॉपवर निरुपयोगी, क्वचित अपायकारक ठरे. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, तेथे ज्ञानाचा संचय होत नाही. केवळ तोडग्यांचा संचय होतो.

लिबइनपुट : संयमाची भूमिका :

२०१५ मध्ये लिबइनपुटची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी फेडोरा २२ या वितरणाने एक्स सर्व्हरसाठी त्याचा स्वीकार केला. पीटर हटरर हे त्याचे प्रमुख विकासक असून सिनॅप्टिक्स ड्रायव्हरचीही देखभाल त्यांनी केली होती. म्हणजे संयमाची ही भूमिका विपुलतेचे परिणाम जवळून पाहिल्यानंतर आलेली आहे, असे म्हणता येते.

लिबइनपुटला वापरकर्त्यासाठी स्वतःची जुळवणी-फाईल नाही. टिचकी चालू की बंद, पान सरकवण्याची दिशा, डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदल, टंकलेखन चालू असताना टचपॅड थोपवणे, उणे १ ते अधिक १ या मर्यादेतील वेग, असे मोजके पर्याय ते देते. आणि ते वापरकर्त्यापुढे मांडण्याचे काम नोम, केडीई यांसारख्या डेस्कटॉपवर सोपवते. यंत्रायंत्रांतील फरकांची नोंद ते स्वतःजवळ स्वतंत्र फाईलींत ठेवते. तिचा हेतू विशिष्ट लॅपटॉपमधील दोष झाकण्याचा आहे. वैयक्तिक आवडीसाठी ती वापरू नये, अशी अपेक्षा आहे. अंतरे मिलिमीटरमध्ये मोजली जातात. सिनॅप्टिक्सची तिसरी मर्यादा येथे दूर होते, हे मान्य केले पाहिजे.

संयमामागील युक्तिवाद गणिताने समजून घेता येतो. केवळ 'चालू' किंवा 'बंद' अशा १० पर्यायांचे १,०२४ मेळ होतात; २० पर्यायांचे १०,४८,५७६. प्रत्येक मेळ तपासणे कोणत्याही स्वयंसेवी प्रकल्पाला शक्य नाही. न तपासलेला पर्याय हा पुढे मोडणारा पर्याय असतो. हा विचार नवा नव्हता. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्येच, प्रत्येक वाढीव पर्यायाची काही किंमत मोजावी लागते, अशी मांडणी केली होती. उलटपक्षी, नोमने पर्याय कमी केल्याबद्दल २००५ मध्ये स्वतः लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी कठोर टीका केली आणि केडीई वापरण्याचा सल्ला दिला. टचपॅड हे या जुन्या वादाचेच एक क्षेत्र आहे.

टिचकीविषयीचे लिबइनपुटचे धोरण या दृष्टीने लक्षणीय आहे. ज्या टचपॅडला दाबता येणारे बटण आहे, तेथे टिचकी मूळ मांडणीत बंद असते. ज्याला टिचकी ही सोय ठाऊकच नाही, त्याच्या बाबतीत ती चालू असल्यास नकळत खिडक्या उघडतील आणि कारण कळणार नाही. ज्याला ती ठाऊक आहे, तो ती शोधून चालू करील, असे त्याचे समर्थन दिले जाते. अनभिज्ञ व्यक्तीचे नुकसान टाळून जाणकारावर लहानसे कष्ट टाकणारा हा न्याय आहे. 'लिनक्सवर टचपॅड चालत नाही' ही तक्रार काही वेळा केवळ या मूळ मांडणीमुळे उद्भवते आणि सेटिंगमधील एका खुणेने मिटते.

एकशे ऐंशी मिलिसेकंदांची कसोटी :

दोन्ही भूमिकांचे मूल्यमापन करण्यासाठी एकच अंक पुरेसा आहे. सिनॅप्टिक्समध्ये टिचकी पूर्ण होण्याची कमाल मुदत मूळ मांडणीत १८० मिलिसेकंद होती. लिबइनपुटच्या मूळ संहितेतही टिचकीची मुदत १८० मिलिसेकंदच आहे. दोघांचे अनुमान एक आहे. भेद एवढाच की, पहिल्यात हा अंक फाईलमधील एका ओळीने बदलता येई. दुसऱ्यात वापरकर्त्यास मिळणाऱ्या पर्यायांत त्याला स्थान नाही.

बहुसंख्य लोकांसाठी हा अंक योग्य आहे. परंतु ज्यांची बोटे वार्धक्यामुळे मंदावली आहेत, ज्यांना कंपवात आहे, संधिवातामुळे ज्यांचे बोट चटकन उचलले जात नाही, त्यांचा स्पर्श या मुदतीत संपत नाही. त्यांनी मारलेली टिचकी प्रणालीच्या लेखी टिचकी ठरतच नाही. बटण दाबावे, हा पर्याय त्यांना सुचवता येईल. पण ज्याचे सांधे दुखतात त्याला पृष्ठभाग दाबण्यापेक्षा टिचकीच सोपी असते. बोट हलण्याची मर्यादाही अशीच ठरलेली आहे. लिबइनपुटमध्ये ती १.३ मिलिमीटर आहे. कापणारे बोट ती सहज ओलांडते.

यावर मुक्त प्रणालीचे समर्थक असे उत्तर देतील की, मूळ संहिता खुली आहे. अंक बदलावा आणि ती पुन्हा बांधून घ्यावी. रिचर्ड स्टॉलमन यांनी सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी तपासण्याचे व बदलण्याचे स्वातंत्र्य येथे तत्त्वतः अबाधित आहे, यात शंका नाही. परंतु कंपवाताने त्रस्त असलेल्या निवृत्त प्राध्यापकाला प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर एक अंक बदलून संपूर्ण ग्रंथालय-आज्ञावली नव्याने बांधायला सांगणे, हे त्या स्वातंत्र्याचे विडंबन होय.

असे असले तरी सिनॅप्टिक्सची सरसकट विपुलता परत आणावी, असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे एक भेद करणे आवश्यक आहे. जुळवणीत दोन प्रकारची भिन्नता सामावलेली असते. एक यंत्रायंत्रांतील भिन्नता : पृष्ठभागाचा आकार, दाबाची मर्यादा, बटणाची जागा. दुसरी माणसामाणसांच्या देहातील भिन्नता : बोटाची गती, कंप, हाताची सवय, डावे-उजवेपण. सिनॅप्टिक्सने दोन्ही वापरकर्त्यावर सोपवल्या; त्यामुळे जे काम प्रणालीचे होते ते माणसाला करावे लागले. लिबइनपुटने पहिली भिन्नता स्वतःकडे घेतली, हे सर्वथा योग्य झाले. मात्र तसे करताना दुसऱ्या भिन्नतेचा काही भागही त्याने आपल्याकडे ठेवला. डावखुरेपणा, वेग, ओढत नेताना बोट उचलले तरी पकड न सुटण्याची सोय, हे देहाशी निगडित पर्याय ते देते. २०२३ मध्ये गतिवाढीचे प्रमाण स्वतः ठरवण्याचीही सोय त्याने दिली. टिचकीची मुदत याच वर्गातील आहे. तिला वगळण्याचे तात्त्विक कारण दिसत नाही.

थरांची रचना आणि दोषशोधन :

संयमाच्या भूमिकेचा आणखी एक परिणाम असा की, जुळवणी आता एका जागी राहिली नाही. ती थरांत विभागली गेली. सर्वांत खाली कर्नल साधनाची ओळख पटवतो. त्यावर यंत्राच्या मापांच्या दुरुस्त्यांची यादी असते. त्यावर लिबइनपुट स्पर्शाचा अर्थ लावते. सर्वांत वर डेस्कटॉप पर्याय दाखवतो. दोष कोणत्याही थरात असू शकतो, पण लक्षण नेहमी एकच दिसते : टचपॅड नीट चालत नाही.

याचे बोलके उदाहरण म्हणजे दोन ड्रायव्हरांचा संघर्ष. एक्स सर्व्हर जुळवणीच्या फाईली नावाच्या क्रमाने वाचतो आणि नंतर आलेली फाईल प्रभावी ठरते. डेबियन व उबुंटूमध्ये लिबइनपुटच्या फाईलचे नाव ४० या अंकाने, तर सिनॅप्टिक्सच्या फाईलचे ७० या अंकाने सुरू होते. जुना सल्ला वाचून कोणी सिनॅप्टिक्सचे पॅकेज बसवले, तर टचपॅड त्याच्या ताब्यात जातो. नोमने मात्र २०१६ मधील ३.२० या आवृत्तीपासून सिनॅप्टिक्सचा आधार काढून घेतला. परिणामी सेटिंगच्या खिडकीतील टचपॅडचे पर्याय निष्प्रभ होतात. जुना उपाय येथे नव्या रोगाचे कारण ठरतो.

म्हणून जुळवणीस आरंभ करण्यापूर्वी थर निश्चित करणे हीच खरी पद्धत होय. साधन टचपॅड म्हणून ओळखले गेले आहे की माऊस म्हणून, हे 'लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस' या आज्ञेने कळते. बोटाच्या हालचालीचा अर्थ काय लावला जात आहे, हे 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' या आज्ञेने डोळ्यांसमोर दिसते. तेथे टिचकीची नोंद येत असेल, तर दोष वरच्या थरात शोधावा. येत नसेल, तर सेटिंग चालू आहे काय ते पाहून खालच्या थरात जावे. एक्स सर्व्हरवर 'एक्सइनपुट' या आज्ञेने केलेला बदल तात्पुरता असतो, आणि वेलँडवरील डेस्कटॉपला ती आज्ञा लागूच पडत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

काही वेळा दोष नसतोच. अपरिचित रूढी असते. तीन बोटांची टिचकी ही मधल्या बटणाची समजली जाते, आणि लिनक्समध्ये मधले बटण केवळ निवडलेला मजकूरही जसाच्या तसा चिकटवते. टंकलेखनात अचानक उमटणारा परिच्छेद हा बहुधा या रूढीचा परिणाम असतो. रूढी आणि दोष यांतील भेद सांगणारे कोणतेही वाक्य सेटिंगच्या खिडकीत नसते.

भाषेचा प्रश्न :

या संपूर्ण ज्ञानव्यवहाराची भाषा इंग्रजी आहे. नोमच्या खिडक्यांचे मराठी भाषांतर उपलब्ध झाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु जेथे निदान होते तो थर, म्हणजे माहितीपुस्तिका, आज्ञांचे निकाल आणि दोष कळवण्याची जागा, इंग्रजीतच आहे. संयमाची भूमिका दोष कळवणाऱ्या वापरकर्त्यावर विसंबून असते. अंक स्वतः बदलू नका, दोष कळवा. तो सर्वांसाठी दुरुस्त होईल, असे तिचे आश्वासन आहे. हे आश्वासन इंग्रजीत नेमके वर्णन करू शकणाऱ्यापुरतेच मर्यादित राहते. टिचकी, तळहात, कड, दाब, सरकवणे हे सर्व शब्द मराठीत सहज उपलब्ध आहेत. अभाव शब्दांचा नाही, लेखनाचा आहे. संगणकशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. पर्यायांची संख्या हे वापरकर्त्याच्या स्वातंत्र्याचे माप नव्हे. सिनॅप्टिक्सने विपुल पर्याय दिले. परंतु त्यांची बदलती स्थाने आणि यंत्रसापेक्ष अंक यांमुळे ते जाणकारांपुरते सीमित राहिले.

२. यंत्रायंत्रांतील भिन्नता प्रणालीने सोडवावी, हे लिबइनपुटचे तत्त्व योग्य व स्वीकारार्ह आहे.

३. देहातील भिन्नता मात्र वापरकर्त्याच्या हाती असली पाहिजे. टिचकीची १८० मिलिसेकंदांची मुदत आणि बोट हलण्याची मर्यादा हे सुलभतेचे पर्याय म्हणून उपलब्ध व्हावेत. ते वगळणे म्हणजे सरासरी बोटालाच एकमेव बोट मानणे होय.

४. जुळवणी शिकवताना तयार आज्ञा पाठ करण्यापेक्षा थर ओळखण्याची रीत शिकवावी. आज्ञा काही वर्षांत कालबाह्य होतात. ही रीत टिकते.

५. दोषशोधनाचे साहित्य मराठीत निर्माण झाल्याखेरीज मुक्त प्रणालीच्या स्वातंत्र्याचा लाभ मराठी वापरकर्त्याला पूर्णांशाने मिळणार नाही.

मुक्त प्रणाली स्वीकारावी की नाही, हा निर्णय महाविद्यालये बहुधा खर्चाच्या तक्त्यावरून घेतात. तो तक्ता आवश्यकच आहे. मात्र त्याबरोबर विभागातील सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याच्या बोटांना तो टचपॅड प्रतिसाद देतो काय, हेही तपासले गेले पाहिजे.